खुरपणी आणि नांगरट

नवा संगणक घरात किंवा शाळेत येतो, तेव्हा त्याचे कौतुक काही वेगळेच असते. कळ दाबावी आणि पडदा उजळावा. एखादे चित्र मागावे आणि ते तत्काळ समोर उभे राहावे. त्याच्या चपळाईचे सर्वांना नवल वाटते. पुढे तीन-चार वर्षे लोटतात आणि तोच संगणक कुरकुरू लागतो. सकाळी कळ दाबून माणूस चहाचे आधण ठेवायला जातो, चहा पिऊन परत येतो, तरी पडद्यावरचे वर्तुळ आपले फिरतच असते. एक अक्षर दाबावे, तर ते उमटायला वेळ लागतो. दोन कामे एकदम सांगावीत, तर तो जागच्या जागी थिजतो. मुले म्हणतात, ‘हँग झाला’. वडीलधारी माणसे म्हणतात, ‘म्हातारा झाला.’ आणि एकदा म्हातारा ठरला, की त्याच्याविषयी बोलण्याची सर्वांची तऱ्हाच बदलते.

पण संगणक खरोखरच म्हातारा होतो काय? बैल थकतो, कारण त्याचे स्नायू झिजतात. विळ्याची धार बोथटते, कारण कापणीगणिक तिचे लोखंड थोडे थोडे झिजत जाते. संगणकाच्या मेंदूची, म्हणजे प्रक्रियकाची, गोष्ट तशी नाही. पहिल्या दिवशी तो एका सेकंदात जितक्या बेरजा करीत होता, तितक्याच तो पुढे अनेक वर्षे करू शकतो. पंख्यात धूळ साचून यंत्र तापले, तर जळून जाऊ नये म्हणून ते आपण होऊन आपला वेग उतरवते, हे खरे. परंतु धूळ झाडली की तो वेग परत येतो. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क मात्र काळाने झिजते, आणि पुष्कळ झिजली की एखाद्या दिवशी बंदच पडते. हे अपवाद सोडले, तर मंदावलेला संगणक बहुधा वृद्ध झालेला नसतो. त्याच्या डोक्यावर ओझे झालेले असते.

हे ओझे कसे साचते, हे समजण्यासाठी एखाद्या कारकुनाची खोली डोळ्यांसमोर आणावी. खोलीत एक लहानसे मेज आहे आणि एक भले मोठे कपाट आहे. ज्या कागदावर काम चालू आहे तो मेजावर असतो. बाकीचे सारे कपाटात. संगणकातही असेच असते. त्याची रॅम हे मेज होय आणि हार्ड डिस्क हे कपाट होय. मेज मोकळे असेल, तर कारकुनाचे काम झपाझप चालते. पण मेजावर कागदांचे ढीग पडले, म्हणजे नवा कागद ठेवण्यासाठी त्याला जुना उचलून कपाटात नेऊन ठेवावा लागतो, आणि घटकाभराने तोच जुना कागद हवा झाला की पुन्हा उठून आणावा लागतो. असे होता होता त्याचा सारा दिवस कागदांची ने-आण करण्यातच जातो आणि लिहिणे बाजूला राहते. रॅम भरून गेलेला संगणकही नेमके हेच करीत असतो. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरते. हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. तथापि रॅमच्या वेगाच्या मानाने ती चाल बैलगाडीची आहे. कपाट काठोकाठ भरलेले असेल, तर एकाच फाइलीचे तुकडे निरनिराळ्या कप्प्यांत ठेवावे लागतात आणि ते गोळा करताना आणखी वेळ जातो.

आता या मेजावर इतके कागद आणून टाकतो कोण? संगणकाचा धनीच. एखादा खेळ चार दिवस खेळण्यासाठी घेतलेला असतो. छपाईच्या यंत्राबरोबर आलेला एक प्रोग्रॅम असतो; ते यंत्र केव्हाच मोडीत गेलेले असते, पण प्रोग्रॅम जागेवर असतो. एका अँटिव्हायरसने भागत असताना दुसरा कोणी फुकट दिला म्हणून तोही ठेवलेला असतो. यांपैकी प्रत्येक जण पाहुणा म्हणून आला आणि ओसरीवर मुक्कामाला राहिला. त्यांतील कित्येक तर कळ दाबताच कोणी न बोलावता जागे होतात, आणि धन्याने पहिले अक्षर लिहिण्याआधीच मेजाची अर्धी जागा अडवून बसतात.

दोष सर्वस्वी धन्याचा आहे, असेही नाही. प्रोग्रॅम रचणाऱ्यांच्याही गरजा वाढत गेल्या आहेत. १९९५ साली विंडोज-९५ ही प्रणाली आली, तेव्हा तिला निदान ४ मेगाबाइट रॅम लागत असे. २०२१ साली आलेल्या विंडोज-११ ला निदान ४ गिगाबाइट रॅम लागते. सव्वीस वर्षांत ही मागणी हजारपटीहून अधिक झाली. मधल्या काळात पडद्यावरील चित्रे सुबक झाली, सुरक्षिततेची साधने वाढली. हे सारे मान्य केले, तरी पत्र लिहिणाऱ्या माणसाचे पत्र काही हजारपटीने मोठे झालेले नाही. पास्कल ही संगणकभाषा निर्माण करणारे स्विस शास्त्रज्ञ निकलाऊस विर्थ यांनी १९९५ साली एका लेखात या प्रकाराकडे लक्ष वेधले होते. यंत्रे ज्या गतीने वेगवान होत आहेत, त्याहून अधिक गतीने प्रोग्रॅम जड होत आहेत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. हे निरीक्षण पुढे ‘विर्थचा नियम’ म्हणूनच ओळखले जाऊ लागले.

ओझ्याने वाकलेल्या संगणकावर उपाय दोन. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर एक खुरपणीचा आणि दुसरा नांगरटीचा.

खुरपणी म्हणजे उभ्या पिकातील तण निवडून काढणे. हे काम कंटाळवाणे खरे. त्याला वाकावे लागते आणि तण कोणते व पीक कोणते हे ओळखणारी नजर लागते. संगणकाच्या बाबतीत पहिली पायरी अशी, की टास्क मॅनेजर उघडून कोणता प्रोग्रॅम किती रॅम खात आहे, हे शांतपणे पाहावे. कळ दाबताच आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमांची यादी तेथेच मिळते. त्यांतील अनावश्यक असतील त्यांचे आपोआप उठणे बंद करावे. वर्ष-दोन वर्षांत ज्यांच्याकडे कोणी फिरकले नाही, असे प्रोग्रॅम रीतसर काढून टाकावेत. तात्पुरत्या फाइली, कचरापेटीत साचलेला ढीग, डाउनलोड्समध्ये पडून राहिलेले तेच ते जडशीळ चलच्चित्र, यांची वासलात लावावी. या कामासाठी विंडोजमध्येच साधने दिलेली आहेत. त्यांना वेगळे मोल पडत नाही. फिरत्या तबकडीवर विखुरलेले तुकडे एकत्र जुळवून ठेवण्याचीही सोय आहे. फिरती तबकडी नसलेल्या एसएसडीला मात्र या जुळवाजुळवीची गरज नसते. तिच्यात कोणताही कप्पा सारख्याच तत्परतेने उघडतो.

एवढे केले, तरी पुष्कळ संगणक पुन्हा चालते होतात. परंतु मनुष्यस्वभाव असा आहे, की त्याला खुरपे धरण्यापेक्षा मंतरलेला अंगारा फुंकणे अधिक आवडते. ‘एक कळ दाबा आणि वेग दुप्पट करा’ अशी जाहिरात पडद्यावर झळकते आणि भाबडा माणूस ती कळ दाबतो. काही साधने विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या अंतर्गत नोंदवहीत, शेकडो चुका सापडल्याचे सांगून भीती घालतात. वास्तविक त्या अफाट नोंदवहीतील शे-दोनशे जुन्या ओळी खोडल्याने वेग वाढत नाही. उलट एखादी कामाची ओळ खोडली गेली, तर चालते यंत्र अडून बसते. विंडोज तयार करणाऱ्या मायक्रोसॉफ्ट कंपनीनेही अशा साधनांना आपला पाठिंबा नसल्याचे सांगितले आहे.

भोंदू वैद्य रोग्याला आधी घाबरवतो आणि मग औषध विकतो, तशातला हा प्रकार आहे. अमेरिकेत २०१९ साली असे एक प्रकरण उघडकीस आले. एका मोठ्या दुकानसाखळीत संगणक मोफत तपासून मिळत असे. तपासणीपूर्वी ग्राहकाला काही प्रश्न विचारले जात. संगणक मंद चालतो काय, हा त्यांतलाच एक. यांपैकी एकाही प्रश्नाला होकार मिळाला, की तपासणीचा निकाल बिघाडाचाच येई, मग यंत्रात प्रत्यक्ष काहीही असो, असा तेथील संघीय व्यापार आयोगाचा आरोप होता. त्या निकालाच्या आधारे लोकांना महागड्या दुरुस्त्या विकल्या गेल्या. अखेर ती दुकानसाखळी आणि तपासणीचे साधन पुरवणारी कंपनी यांनी मिळून ३ कोटी ५० लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. प्रामाणिक साधनही डोळे मिटून वापरावे असे नसते. सीक्लीनर या नावाजलेल्या सफाईच्या साधनात २०१७ साली चोरट्यांनी आपला घातक प्रोग्रॅम घुसवला होता, आणि झाडूबरोबरच ती घाण वीस लाखांहून अधिक संगणकांत जाऊन पोहोचली. तात्पर्य, झाडू घरात आणतानाही तो कोणाच्या हातून येतो, हे पाहावे लागते.

दुसरा उपाय नांगरटीचा. बाजारात याला ‘फॉरमॅट मारणे’ असा रांगडा शब्द रूढ आहे. हार्ड डिस्क पुसून काढायची आणि तिच्यावर सारी प्रणाली नव्याने बसवायची, असे त्याचे स्वरूप. शेतात हरळी माजली, की खुरप्याने ती हटत नाही. वरची पाती खुडली, तरी खालच्या काशा जिवंत राहतात. तेथे खोल नांगर घालण्यावाचून गत्यंतर नसते. व्हायरसने प्रणाली पोखरली असेल, मूळच्या फाइली बिघडल्या असतील, किंवा इतके प्रोग्रॅम आले-गेले असतील की कशामुळे काय अडते हे उमगतच नसेल, तर नव्याने सुरुवात करणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. दोन-तीन तासांच्या कामानंतर संगणक पुन्हा पहिल्या दिवसासारखा हलका होतो. पडदा स्वच्छ, मेज मोकळे, कपाट रिकामे! नांगरलेल्या रानाचा वास जसा मन प्रसन्न करतो, तशीच ही कोरी पाटी पाहून माणसाला हुरूप येतो.

मात्र नांगर घालण्यापूर्वी शेतकरी एक गोष्ट कधी विसरत नाही. त्याने पुढच्या पेरणीचे बियाणे कणगीत राखून ठेवलेले असते. नांगराच्या फाळाला हरळी कोणती आणि हरभरा कोणता, हे कळत नाही. जे जमिनीत आहे ते सारे तो उलथून टाकतो.

एखाद्या डोंगराळ गावातली शाळा कल्पनेने पाहावी. शाळेत एकच संगणक आहे आणि तो फार मंदावला आहे. नव्याने रुजू झालेले शिक्षक उत्साही आहेत. ते तालुक्याच्या गावाहून दुरुस्ती करणाऱ्या तरुणाला बोलावतात. तो कामात तरबेज आणि मनाने सरळ आहे. तो विचारतो, “सर, आतलं काही ठेवायचंय का?” सर म्हणतात, “डॉक्युमेंट्समधलं तेवढं पेनड्राइव्हवर घ्या. बाकी सगळं साफ करा.” तो सांगितल्याप्रमाणे करतो. संध्याकाळपर्यंत संगणक हरणासारखा पळू लागतो. सर्वांना आनंद होतो.

दुसऱ्या दिवशी सातवीतली एक मुलगी सरांकडे येते. शाळेतून निवृत्त झालेल्या गुरुजींनी गावातील म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरून घेतल्या होत्या आणि सवडीने त्या संगणकावर लिहून ठेवल्या होत्या. त्यांत तिच्या आजीच्या ओव्या आहेत. आजी दोन वर्षांपूर्वी वारली. “सर, मला आजीच्या ओव्या वहीत लिहून घ्यायच्या आहेत,” ती म्हणते. सर फाइल उघडतात. फाइल जागेवर आहे. पण पडद्यावर मराठीचे एक अक्षरही नाही. ओळीमागून ओळी अर्थहीन इंग्रजी अक्षरांच्या आहेत.

असे का व्हावे? याचे उत्तर मराठीच्या संगणकावरील वाटचालीत आहे. जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी युनिकोड ही पद्धत १९९१ साली जाहीर झाली आणि तिच्यात देवनागरीलाही जागा मिळाली. परंतु ती नित्याच्या वापरात रुळायला बराच काळ गेला. तोपर्यंत, आणि कित्येक ठिकाणी त्यानंतरही, मराठी लिहिण्यासाठी एक युक्ती केली जात असे. इंग्रजी अक्षराच्या घरात देवनागरी अक्षराचे चित्र बसवायचे, आणि अशा चित्रांचा एक संच म्हणजे एक फाँट. ‘कृतिदेव’ या फाँटात ‘कमल’ हा शब्द संगणकाच्या पोटात डी, ई आणि वाय या तीन इंग्रजी अक्षरांच्या रूपाने साठवला जातो. फाँट जागेवर असेल, तोवर डोळ्यांना ‘कमल’ दिसते. फाँट गेला, की मागे उरतात ती नुसती तीन इंग्रजी अक्षरे. शाळेतील फाइल शाबूत राहिली होती. तिला वाचा देणारा फाँट मात्र हार्ड डिस्कबरोबर पुसला गेला होता.

सर गुरुजींना फोन करतात. “गुरुजी, त्या ओव्या कोणत्या फाँटात लिहिल्या होत्या?” गुरुजी नाव सांगतात. तो फाँट शोधून पुन्हा बसवताच पडद्यावरच्या ओळी पालटतात आणि मराठी अक्षरे दिसू लागतात. मग गुरुजी विचारतात, “आणि ध्वनिमुद्रणं? काही बायकांचा आवाजही ठेवला होता. सी ड्राइव्हवर वेगळा फोल्डर होता.”

तो फोल्डर डॉक्युमेंट्समध्ये नव्हता. संगणकातून एखादी फाइल नुसती काढून टाकली, तर पुष्कळदा केवळ तिची नोंद पुसली जाते आणि मजकूर काही काळ तसाच राहतो. जाणकाराला तो परत मिळवता येतो. पण त्या जागेवर दुसरे काही लिहिले गेले, म्हणजे तो मार्ग संपतो. येथे तर सारी प्रणालीच तिच्यावर नव्याने बसवली गेली होती. दुरुस्ती करणारा तरुण पुन्हा येतो, तासन्‌तास खटपट करतो आणि मान हलवतो. मुलीला आजीचे शब्द मिळतात. आजीचा आवाज मिळत नाही. ती शब्द वहीत उतरून घेते आणि घरी जाते.

यात दोषी असे कोणीच नाही. सरांचा हेतू चांगला होता आणि तरुणाने सांगितलेले काम चोख केले होते. उणीव राहिली ती एवढीच, की नांगर घालण्यापूर्वी या रानात कोणी काय पेरले आहे, हे जुन्या माणसांना विचारले गेले नाही. अर्ध्या तासाच्या बोलण्याने ते कळले असते.

म्हणून फॉरमॅटपूर्वी करावयाची कामे नीट ध्यानात ठेवावीत. डॉक्युमेंट्सवर न थांबता डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि प्रत्येक ड्राइव्ह उघडून पाहावा. फाँट, परवान्यांचे क्रमांक आणि पासवर्ड यांची नोंद करावी. जपायच्या फाइलींची प्रत दोन ठिकाणी घ्यावी आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेली प्रत म्हणजे न निवडलेले बियाणे होय. जुन्या फाँटातला मजकूर युनिकोडमध्ये पालटून घेण्याची साधने आज सहज मिळतात. तसे करून ठेवले, तर पुढच्या नांगरटीत त्याची वाचा जाणार नाही. आणि ज्याने ज्याने तो संगणक वापरला असेल, त्या प्रत्येकाला एकदा विचारावे.

क्वचित असेही होते, की खुरपणी झाली, नांगरट झाली, तरी चाल सुधारत नाही. तेव्हा रानच लहान पडते आहे असे समजावे. थोडी रॅम वाढवली किंवा फिरत्या तबकडीच्या जागी एसएसडी बसवली, तर दहा वर्षांचा संगणकही नव्या उमेदीने काम करू लागतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज-१० चा सर्वसाधारण आधार संपला. ज्या जुन्या यंत्रांवर विंडोज-११ चालत नाही, त्यांतील कित्येकांवर लिनक्सचा एखादा हलका अवतार सुखाने चालू शकतो. चालते यंत्र घाईने मोडीत काढण्यापूर्वी हे करून पाहण्याजोगे आहे.

संगणकाला विसरायला लावणे फार सोपे असते. एका कळीने तो सारे विसरतो आणि हलका होतो. कोणते ओझे आणि कोणता ठेवा, हे मात्र त्याला कधीही सांगता येत नाही. चार वर्षांपूर्वीचा खेळ आणि वारलेल्या आजीचा आवाज या दोहोंना तो सारख्याच तटस्थपणे एक-एक फाइल म्हणून मोजतो. ती निवड माणसाने करायची असते, आणि ती कळ दाबण्याआधी करायची असते.